जनुक 'चालू' झालं की काम संपलं का? दृश्यकेंद्रकी पेशींतलं जनुक-नियंत्रण

पेशीवाचक

मंडळी, जनुकांबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, त्यात बहुतेक वेळा एकच चित्र असतं: जनुक एक तर 'चालू' असतं, नाही तर 'बंद'. हे चित्र फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांच्या १९६१ च्या कामातून आलं. ई. कोलाय या जिवाणूत एक प्रथिन डीएनएवर ठाण मांडून वाट अडवतं. लॅक्टोजपासून बनलेला रेणू त्याला चिकटला की ते बाजूला होतं आणि लॅक्टोज पचवणारी एन्झाइम्स तयार होऊ लागतात. अतिशय देखणं काम आहे, १९६५ चं नोबेल त्याला उगाच मिळालेलं नाही. पण यीस्ट, वनस्पती, प्राणी यांच्या दृश्यकेंद्रकी (स्पष्ट केंद्रक असलेल्या) पेशींना हे चित्र पुरत नाही, आणि का पुरत नाही यातच खरी गंमत आहे. म्हणून हा धागा.

जिवाणूला केंद्रक नसतं. एमआरएनए, म्हणजे जनुकाची आरएनए प्रत, अजून लिहिली जात असतानाच प्रथिन बनवणारे रायबोसोम तिच्यावर चढून कामाला लागतात. आपल्या पेशीत डीएनए केंद्रकाच्या पडद्याआड आहे आणि रायबोसोम बाहेर. त्यामुळे जनुक ते प्रथिन हा प्रवास लांबतो. डीएनए उलगडणं, प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनएची प्रत काढणं) सुरू होणं, कच्च्या आरएनएची कापाजोड (नको ते तुकडे गाळून बाकीचे जोडणं), बाहेर पाठवणी, भाषांतर (एमआरएनए वाचून प्रथिन बनवणं), एमआरएनएचा नाश आणि शेवटी प्रथिनाचाही नाश असे टप्पे पडतात. यातल्या प्रत्येक टप्प्यावर पेशी ढवळाढवळ करू शकते, आणि करते.

सुरुवात डीएनएच्या बांधणीपासून. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो, आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात मावतो. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गठ्ठ्याभोवती १४७ बेस जोड्यांचा (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं) डीएनए, रिळावर दोरा गुंडाळावा तसा, पावणेदोनच्या आसपास वेढे घेतो. हा झाला एक न्यूक्लिओसोम. गुंडाळलेल्या भागापर्यंत पोचणं अवघड असल्यामुळे जिवाणूपेक्षा आपली मूळ स्थितीच वेगळी आहे: काहीच केलं नाही, तर जनुक सहसा गप्प राहतं. हिस्टोनांची शेपटं बाहेर लोंबत असतात. त्यांतल्या लायसिन या अमिनो आम्लावर असिटिल गट बसला की त्याचा धन प्रभार जातो, डीएनएवरची पकड सैल होते आणि इतर प्रथिनांना तिथे जागा मिळते. असिटिलीकरणाचा प्रतिलेखनाशी संबंध असावा हे व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्येच सुचवलं होतं. पण हे काम करणारं एक एन्झाइम आणि यीस्टमधलं एक ओळखीचं नियंत्रक प्रथिन ही एकाच कुळातली आहेत, हे डेव्हिड ॲलिस यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं तेव्हा कुठे जीवशास्त्रज्ञांचं लक्ष हिस्टोनांकडे खऱ्या अर्थाने वळलं. मधली तीस वर्षं हिस्टोन म्हणजे नुसतं बांधणीचं सामान समजलं जात होतं.

पुढचा टप्पा प्रतिलेखनाचा. प्रत काढणारं आपलं एन्झाइम, आरएनए पॉलिमरेज-२, स्वतःहून जनुकाची सुरुवात ओळखत नाही. त्याला तिथे आणून बसवायला प्रथिनांचा एक संच लागतो, आणि तो संच कुठे जमेल हे ठरवायला प्रतिलेखन घटक, म्हणजे डीएनएवरच्या ठरावीक जागा ओळखून तिथे बसणारी प्रथिनं, लागतात. माणसात असे सुमारे १६०० घटक आहेत. सोळाशे घटकांनी वीस हजारांच्या आसपास जनुकं सांभाळायची, तीही शेकडो प्रकारच्या पेशींत! हे जमतं ते घटकांच्या जुळणीमुळे. एकच घटक वेगवेगळ्या सोबत्यांबरोबर वेगवेगळं काम करतो.

आता माझं म्हणणं. हे इतके थर का, या प्रश्नाला 'उत्क्रांतीत साठत गेलेली गुंतागुंत' असं उत्तर बरेचदा मिळतं, आणि मला ते अपुरं वाटतं. प्रत्येक थराचा स्वतःचा वेग आहे. पेशीला काही निर्णय मिनिटांत फिरवावे लागतात, काही आयुष्यभर फिरवायचेच नसतात. दोन्ही कामं एकाच यंत्रणेला झेपणार नाहीत. वैद्यक, शेती, वनस्पतिशास्त्र अशा क्षेत्रांतले बरेच जण इथे आहेत. आपापल्या भागातली उदाहरणं घालाल तर हे म्हणणं टिकतं की नाही ते कळेल.

उत्सुक_वाचक

छान लिहिलंय. एक मूलभूत शंका. यकृताच्या पेशीत आणि चेतापेशीत डीएनए तोच असतो हे आपण गृहीत धरतो. पण पेशी विशेष काम करायला लागली की नको असलेली जनुकं टाकून देत नाही, हे कशावरून?

बेसजोडी

@उत्सुक_वाचक, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खरोखर खुला होता. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या डिंभाच्या (बेडूकमाशाच्या) आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून, स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं. त्यातल्या काहींपासून पोहणारे डिंभ तयार झाले. म्हणजे आतड्याच्या पेशीत अख्खा प्राणी घडवायची माहिती शाबूत होती. १९९६ मध्ये जन्मलेली डॉली मेंढी हेच सस्तन प्राण्यात दाखवून गेली. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी तर अंडंही वगळलं. उंदराच्या त्वचेतल्या पेशींत चार प्रतिलेखन घटक, ऑक्ट४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक, घातले आणि त्या पेशी भ्रूणातल्या मूलपेशींसारख्या झाल्या. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चं नोबेल एकत्र मिळालं.

अपवाद आहेत. आपल्या तांबड्या पेशी पक्व होताना केंद्रकच बाहेर टाकतात, आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी आपल्या डीएनएचे तुकडे खरोखर कापून नव्याने जोडतात. पण नियम तोच: माहिती तीच, वाचन वेगळं.

आणि मला सर्वात आवडणारा प्रयोग १९८७ चा. हॅरल्ड वाइन्ट्रॉब यांच्या प्रयोगशाळेत संयोजी ऊतीतल्या पेशींत मायओडी हा एकच घटक बनवायला लावला आणि त्या स्नायूपेशी व्हायला लागल्या. एक घटक! मात्र हाच घटक सगळ्या प्रकारच्या पेशींना तितक्या सहज स्नायू बनवू शकत नाही, कारण काही पेशींत स्नायूची जनुकं फार घट्ट मिटलेली असतात. मूळ लेखातले पहिले दोन थर इथे एकमेकांना भेटतात.

निळीशाई

एन्हान्सरचा, म्हणजे जनुकाचं प्रतिलेखन लांबूनही वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याचा, उल्लेख राहिला, तो मी करते. १९८१ मध्ये वॉल्टर शाफनर यांच्या गटाला एसव्ही४० या विषाणूच्या डीएनएत एक तुकडा सापडला. तो शेजारी ठेवला की बीटा-ग्लोबिन जनुकाचं प्रतिलेखन शेकडो पटींनी वाढायचं. तुकडा उलटा लावा, जनुकाच्या मागे लावा, हजारो बेस लांब लावा, तरी तो काम करायचा. जनुकाच्या दारातच सगळं ठरतं या समजुतीला तिथे धक्का बसला.

आता खरं टोकाचं उदाहरण. हातापायांची घडण ठरवणारं सोनिक हेजहॉग नावाचं जनुक आहे. त्याला वाढत्या अवयवांत जागं करणारा एन्हान्सर माणसात जवळजवळ १० लाख बेस जोड्या लांब, दुसऱ्याच एका जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (कापाजोडीत गाळल्या जाणाऱ्या भागात) बसलेला आहे. झेडआरएस त्याचं नाव. यातलं एकच अक्षर बदललं तरी अंगठ्याच्या बाजूला जास्तीचं बोट येऊ शकतं. जनुक आणि प्रथिन दोन्ही जसंच्या तसं, तरी सहा बोटं! जास्त बोटांच्या मांजरांतही याच तुकड्यातले बदल सापडले आहेत.

आणि साप. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदराचा झेडआरएस काढून त्या जागी सापाचा बसवला, तर पिल्लांचे पाय अगदी खुरटले. सापाच्या तुकड्यात १७ बेस जोड्या गळालेल्या आहेत. त्या भरून काढल्यावर पाय पुन्हा वाढले. इतकी शतकं 'सापाला पाय का नाहीत' हे कुतूहल होतं, आणि त्याच्या उत्तराचा एक भाग सतरा अक्षरांत सापडतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

उत्सुक_वाचक

पण दहा लाख बेस लांबून परिणाम होतो कसा?

निळीशाई

डीएनए ताणून ठेवलेला नसतो, त्याचे वळसे पडतात. कोहेसिन नावाचं कड्यासारखं प्रथिन डीएनएवर बसून वळसा मोठा मोठा करत नेतं, आणि सीटीसीएफ हे प्रथिन बसलेल्या ठिकाणी ते थांबतं. अशा वळशाच्या आतले एन्हान्सर आणि जनुकं एकमेकांच्या आसपास येतात, वळशाबाहेरच्यांशी त्यांची गाठ कमी पडते. ही सीमा तुटली की एन्हान्सर भलत्याच जनुकाला जागं करतो. काही जन्मजात व्यंगं आणि काही कर्करोग यातून होतात. मात्र एन्हान्सर आणि प्रमोटर (जनुकाच्या सुरुवातीची, प्रतिलेखन सुरू होण्याची जागा) यांना प्रत्यक्ष चिकटावं लागतं, की जवळपास असणं पुरतं, यावर वाद चालू आहे. सजीव पेशींत पाहिल्यावर दर वेळी घट्ट संपर्क दिसलेला नाही.

वैद्यक_वाट

पेशीवाचक, तुमच्या 'प्रत्येक थराचा वेग' या म्हणण्याला माझ्याकडून सर्वात पक्कं उदाहरण लोहाचं. यात जनुकाला हातही लावला जात नाही.

पेशीला लोह हवं असतं, पण मोकळं लोह घातक असतं. म्हणून जादा लोह फेरिटिन या प्रथिनात कोंडलं जातं. एका फेरिटिन गोळ्यात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. लोह बाहेरून आत घेण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिन ग्राहक असतात, म्हणजे लोह वाहून आणणाऱ्या ट्रान्सफेरिनला पकडणारी प्रथिनं. थोडक्यात, लोह कमी असेल तर ग्राहक जास्त आणि फेरिटिन कमी हवं, लोह जास्त असेल तर बरोबर उलट.

दोन्ही एमआरएनएंवर केसाच्या पिनेसारखी दुमडलेली एक छोटी रचना असते. फेरिटिनच्या एमआरएनएत ती सुरुवातीला, ग्राहकाच्या एमआरएनएत शेवटच्या भागात. लोह कमी असलं की आयआरपी नावाचं प्रथिन या रचनांना पकडतं. फेरिटिनच्या बाबतीत त्यामुळे रायबोसोमची वाट अडते, भाषांतर थांबतं. ग्राहकाच्या बाबतीत तेच प्रथिन एमआरएनएला तोडणाऱ्या एन्झाइमपासून वाचवतं, म्हणून ग्राहक जास्त बनतात. एकच प्रथिन, तीच रचना, फक्त जागा वेगळी, आणि परिणाम विरुद्ध.

लोह वाढलं की आयआरपी-१ लोह आणि गंधकाचा गुच्छ धारण करून चक्क अकोनिटेज नावाचं एन्झाइम बनतं आणि एमआरएनए सोडून देतं. आयआरपी-२ सरळ नष्ट केलं जातं. फेरिटिनचा एमआरएनए आधीच तयार असल्यामुळे भाषांतर लगेच सुरू होतं. हेच काम जनुक जागं करण्यापासून सुरू केलं असतं तर तोवर मोकळ्या लोहाने नुकसान करून झालं असतं.

पेशीवाचक

@वैद्यक_वाट, अगदी हेच हवं होतं. यात भर म्हणून डिस्ट्रोफिन जनुक पाहा. ते २० लाखांहून जास्त बेस जोड्यांचं आहे आणि पॉलिमरेजला ते एकदा टोकापर्यंत वाचायला सुमारे १६ तास लागतात. अशा जनुकावर तातडीचं कुठलंही काम सोपवता येणार नाही.

याच्या उलट टोकाला उष्णतेचा धक्का. फळमाशीच्या एचएसपी७० जनुकावर पॉलिमरेज आधीच येऊन, काही डझन अक्षरं लिहून, थबकून बसलेलं असतं. तापमान वाढलं की ते लगेच सुटतं. नंतर कळलं की भ्रूणविकासातली आणि इतरही असंख्य जनुकं अशीच 'तयार' अवस्थेत असतात. 'चालू' आणि 'बंद' या दोन शब्दांत ही अवस्था कुठे बसवायची?

हिरवीपाने

दुसऱ्या टोकाचं उदाहरण वनस्पतींकडून. काही वनस्पती हिवाळा उलटल्याशिवाय फुलत नाहीत. एका थंड रात्रीवर त्या विश्वास ठेवत नाहीत, आठवडेच्या आठवडे थंडी लागते. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या रोपात याचं केंद्र म्हणजे एफएलसी हे फुलोरा रोखून धरणारं जनुक. थंडी लांबत जाते तसं पॉलिकोम्ब प्रथिनांचा संच एफएलसीच्या हिस्टोनांवर मिथिल खुणा बसवतो आणि ते जनुक गप्प होतं. ऊब आली तरी खुणा टिकतात, पेशी विभागल्या तरी नव्या पेशींत उतरतात, आणि झाड फुलतं.

यातला बारकावा फार सुंदर आहे. थंडी अर्धवट झाली तर प्रत्येक पेशीत एफएलसी अर्धं होत नाही. काही पेशींत ते पूर्ण गप्प होतं, काहींत पूर्ण चालू राहतं, आणि थंडी जितकी लांबते तितकं गप्प झालेल्या पेशींचं प्रमाण वाढतं. पुढे बी तयार होताना भ्रूणात या खुणा पुसल्या जातात, म्हणून पुढच्या पिढीला पुन्हा आपला हिवाळा काढावा लागतो.

म्हणजे लोहाच्या बाबतीत मिनिटं-तास, इथे आठवडे. तुमचं म्हणणं वनस्पतीतही टिकतं.

प्रश्नचिन्ह

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. एपिजेनेटिक्सबद्दल हल्ली फार ऐकू येतं. विचार बदलले की जनुकं बदलतात, आजोबांचे अनुभव नातवात उतरतात वगैरे. त्यात तथ्य किती?

बेसजोडी

हे नीट वेगळं करून सांगायला हवं, कारण खऱ्या विज्ञानाच्या नावावर बरंच काही विकलं जातं.

एपिजेनेटिक्स म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता, डीएनए आणि हिस्टोनांवरच्या खुणांनी होणारं नियंत्रण. जे पक्कं आहे ते आधी. डीएनएतल्या सायटोसिन या अक्षरावर मिथिल गट बसतो, विशेषतः त्यापुढे ग्वानिन हे अक्षर असेल तिथे. पेशी विभागताना नव्या धाग्यावर ती खूण नसते. पण डीएनएमटी१ हे एन्झाइम अर्ध्या खुणेची जागा ओळखून दुसऱ्या धाग्यावरही खूण करतं. अशी नक्कल होत असली पाहिजे हे हॉलिडे आणि रिग्ज यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे मांडलं होतं. त्यामुळे यकृताच्या पेशीची लेक यकृताचीच राहते. मादी सस्तन प्राण्यांत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र भ्रूणावस्थेतच गप्प केलं जातं, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये सांगितलं. कोणतं गप्प करायचं हे प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे ठरवते आणि मग तिच्या सगळ्या वंशजांत तेच कायम राहतं. तीन रंगांच्या मांजरीच्या अंगावरचे काळे आणि नारिंगी ठिपके म्हणजे हाच निर्णय डोळ्यांना दिसतो.

आता परिस्थितीचा परिणाम. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली. त्या काळात गर्भधारणेच्या सुमारास आईची उपासमार झालेल्या व्यक्तींची सुमारे सहा दशकांनी तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात आयजीएफ२ या वाढीशी संबंधित जनुकाजवळचं मिथिलीकरण त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी आढळलं. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. फरक खरा आहे, पण लहान आहे, आणि तो गर्भावस्थेत प्रत्यक्ष उपासमार सोसलेल्यांचा आहे, नातवंडांचा नाही.

पिढ्यान्‌पिढ्या वारसा म्हणाल तर सस्तन प्राण्यांत बीजपेशी बनताना एकदा आणि फलनानंतर पुन्हा एकदा बहुतेक मिथिल खुणा पुसल्या जातात. थोड्या सुटतात, पण तो अपवाद. आणि विचार करून एखादं ठरावीक जनुक जागं करता येतं, याला काहीही आधार नाही. ताणाने कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं, ते पेशीत शिरून आपल्या ग्राहकाला बसतं आणि शेकडो जनुकांचं वाचन बदलतं, हे खरं आहे. पण ते शरीरक्रियाशास्त्र आहे, त्याच्या नावाखाली शिबिरं विकणाऱ्यांपासून लांब राहा.

प्रश्नचिन्ह

धन्यवाद, इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

निळीशाई

मायक्रोआरएनएबद्दल थोडक्यात. व्हिक्टर अँब्रॉस यांना सूत्रकृमीत लिन-४ सापडला आणि तो काम कसं करतो हे त्यांनी व गॅरी रुवकन यांनी १९९३ मध्ये दाखवलं. जेमतेम २२ अक्षरांचा आरएनए, स्वतः प्रथिन बनवत नाही, दुसऱ्या एमआरएनएच्या शेपटीकडे जुळून त्याचं प्रथिन कमी करतो. सुरुवातीला तो कृमीपुरता अपवाद वाटला. २००० मध्ये लेट-७ सापडला आणि तो माणसापर्यंत सर्वत्र आढळला, तेव्हा चित्र बदललं. नोबेल २०२४ मध्ये. हा थर बहुधा चालू-बंद करत नाही, प्रमाण थोडं खाली खेचतो.

वैद्यक_वाट

शेवटच्या टप्प्याचं, म्हणजे प्रथिनाच्या नाशाचं, उदाहरण पी५३. डीएनएला इजा झाल्यावर पेशीचं विभाजन थांबवणारं हे प्रथिन निरोगी पेशीतही सतत बनत असतं आणि सतत मारलं जातं. एमडीएम२ हे प्रथिन त्यावर युबिक्विटिनची खूण लावतं आणि प्रोटिएसोम ते मोडतो. पहिल्यांदा वाचलं तर शुद्ध उधळपट्टी वाटते. पण इजा झाली की फक्त मोडणं थांबवायचं असतं आणि पी५३ चढायला लागतं. प्रतिलेखन, कापाजोड, भाषांतर कशाचीही वाट पाहावी लागत नाही. शिवाय पी५३ स्वतःच एमडीएम२ चं जनुक जागं करतं, म्हणजे आपल्या शेवटाची सोयही तेच करतं. पेशीने इथे ऊर्जा देऊन वेळ विकत घेतला आहे.

उत्सुक_वाचक

याचा उपचारांत उपयोग होतो का? आजवर जनुकोपचार म्हणजे बिघडलेलं जनुक बदलणं, एवढंच ऐकलं होतं.

वैद्यक_वाट

होतो, आणि दोन उदाहरणं तर रुग्णांपर्यंत पोचलेली आहेत.

पहिलं कापाजोडीचं. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी या स्नायू क्षीण करणाऱ्या आजारात एसएमएन१ जनुक काम करत नाही. माणसात एसएमएन२ हे त्याचं जवळजवळ तंतोतंत भावंड असतं, पण सातव्या एक्झॉनमधल्या (एक्झॉन म्हणजे कापाजोडीत राखला जाणारा भाग) एका अक्षराच्या फरकामुळे कापाजोडीच्या वेळी तो एक्झॉन बहुतेक वेळा गळतो आणि प्रथिन टिकत नाही. नुसिनर्सेन हा कृत्रिम न्यूक्लिक आम्लाचा छोटा तुकडा कच्च्या आरएनएवर शेजारच्या इंट्रॉनमध्ये अशा जागी बसतो, की एक्झॉन गाळायला लावणारी प्रथिनं तिथे बसू शकत नाहीत. एक्झॉन टिकतो, प्रथिन बनतं. डीएनए जसाच्या तसा राहतो. अमेरिकेत याला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. ज्या बाळांना पूर्वी आधाराशिवाय बसता येत नसे, त्यांतली काही लवकर उपचार मिळाल्यावर चालू लागली आहेत.

दुसरं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन गॅमा साखळ्यांचं असतं, जन्मानंतर काही महिन्यांत बीटा साखळ्या त्यांची जागा घेतात. सिकलसेलचा दोष बीटामध्ये आहे, गॅमा धडधाकट असूनही गप्प केलेलं असतं. गप्प करणारा मुख्य घटक बीसीएल११ए. मग तोच काढून टाकायचा का? नाही, कारण बी-पेशींना आणि मेंदूच्या विकासालाही तो लागतो. इथे निळीशाईंनी सांगितलेला एन्हान्सर कामी आला. बीसीएल११एच्या इंट्रॉनमध्ये एक एन्हान्सर आहे, जो फक्त तांबड्या पेशींच्या वंशात काम करतो. रुग्णाच्या रक्तमूलपेशी बाहेर काढून क्रिस्पर या डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या तंत्राने तेवढाच मोडला की तांबड्या पेशींत बीसीएल११ए घटतं, गॅमा पुन्हा बनू लागतं आणि बाकी पेशींना धक्का लागत नाही. या उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. क्रिस्परवर आधारित मान्यता मिळालेला हा पहिलाच उपचार, आणि त्यात बिघडलेल्या बीटा जनुकाला हात लावलेला नाही.

अडचण मोठी आहे. बदललेल्या पेशी परत देण्याआधी अस्थिमज्जेतल्या जुन्या पेशी तीव्र रसायनोपचाराने काढाव्या लागतात. त्याने वंध्यत्वाचा धोका असतो आणि रुग्णालयात आठवडे काढावे लागतात. खर्चही बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून पेशी बाहेर न काढता, शरीरातच हा बदल घडवण्याच्या पद्धतींवर सध्या काम चाललं आहे. त्याबद्दल वेगळा धागा काढतो.